तपासी अंमलदाराची झोप

सोलापुरात घडणाऱ्या, अजून न लिहिलेल्या एका तपासकथेसाठी केलेली ही टिपणं. क्रम लावलेला नाही.

*

आपल्या रहस्यकथेत वेड कायम खुन्याच्या वाट्याला आलं आणि तपास करणाऱ्याच्या वाट्याला फक्त हुशारी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, पण झुंजार किंवा काळा पहाड आठवडाभर अंथरुणातून उठला नाही, असं काही आठवत नाही. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासचंही तेच. हे नायक थकतात, मार खातात आणि पुढच्या प्रकरणात ताजेतवाने असतात.

खऱ्या गुन्ह्यांच्या हकिकतीही अशाच लक्षात राहतात. मुंबईत 1968 मध्ये पकडलेल्या खुनी रामन राघवच्या मनाची तपासणी मानसोपचारतज्ज्ञांनी केली आणि शेवटी त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. मुंबईचा तो तपास आणि पुढे 1970 च्या दशकातलं मानवत हत्याकांड, दोन्हींशी पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचं नाव जोडलेलं आहे. या प्रकरणांत खुन्याच्या डोक्यात काय चाललं होतं यावर रीमच्या रीम कागद खर्ची पडले. तपास पथकातली माणसं त्या रात्री किती झोपली, हे कोणी विचारलं नाही.

*

नायिका: सहायक पोलीस निरीक्षक, गुन्हे शाखा. वय चाळिशीच्या अलीकडे. बायपोलर.

नाव ठरत नाही. आडनाव ठरलं की पेठ ठरते, घरातली भाषा ठरते. आणि सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू की दखनी, हे आधी ठरवावं लागतं. सध्या तेलुगू. पूर्वभागातलं पद्मशाली घर. वडील यंत्रमागावर होते, अम्मा विड्या वळायची. ही घरातली पहिली सरकारी नोकरी. म्हणजे आजार उघड झाला तर जे जाईल ते तिचं एकटीचं जाणार नाही.

*

आजार वाचकाला एका परिच्छेदात कळला पाहिजे. डॉक्टरांचं भाषण नको.

मन दोन टोकांना जातं. वरच्या टोकाला, म्हणजे उन्मादात, झोप नकोशी होते, बोलणं थांबत नाही, पैसा हातात टिकत नाही, प्रत्येक कल्पना सोन्याची वाटते. खालच्या टोकाला दात घासणंही डोंगराएवढं काम होतं. मधे महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, माणूस तुमच्या-आमच्यासारखा असतो. कादंबरीकार हा मधला काळच विसरतात. निम्हान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार हजार प्रौढांमागे साधारण तीन जणांना हा आजार त्या वेळी होता. सोलापूरच्या पोलीस वसाहतींत तो नसेल असं मानायला काही आधार नाही.

*

तिचा पूर्वेतिहास: आधी फक्त खालचं टोक दिसलं. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या आणि तीन आठवड्यांत ती उलट्या टोकाला गेली. वैद्यकात हे माहितीचं आहे. बायपोलर माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर तो वर उसळू शकतो. खरं निदान व्हायला पुष्कळांची वर्षं जातात. म्हणजे तिच्या आयुष्यातला पहिला चुकीचा तपास तिच्या स्वतःवरच झाला होता.

*

या विषयावरचं सगळ्यांत गाजलेलं पात्र म्हणजे 'होमलँड' मालिकेतली कॅरी मॅथिसन. 2011 ते 2020, आठ पर्वं. भूमिका क्लेअर डेन्सची. सीआयएची अधिकारी, बायपोलर, आणि कार्यालयाला पत्ता नाही. गोळ्या तिची डॉक्टर बहीण गुपचूप पुरवते.

पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे ती पूर्ण उन्मादात असताना कागदपत्रांवर रंग फासत सुटते. बघणाऱ्याला तो निव्वळ पसारा वाटतो. तिचा वरिष्ठ सॉल रात्रभर बसून ते कागद रंगांप्रमाणे भिंतीवर लावतो, आणि त्यातून दहशतवाद्याच्या हालचालींचा कालपट उभा राहतो. मधला एक पट्टा मोकळा, म्हणजे त्या काळात तो माणूस गप्प का होता, हा खरा प्रश्न.

लोक म्हणतात, बघा, आजारामुळे तिला दिसलं. मला त्या प्रसंगात सॉल दिसतो. तो नसता तर ते रंगीत कागद सफाईवाल्याने गोळा करून नेले असते.

*

शेरलॉक होम्सला पुष्कळांनी मागाहून निदान चिकटवलंय. दिवसचे दिवस सोफ्यावर पडून राहणं, मग झपाटल्यासारखं काम, काम नसलं की कोकेन. एका कथेच्या सुरुवातीला तर तो अतिश्रमाने पार कोसळून फ्रान्समधल्या हॉटेलात पडलेला असतो. कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर. त्याने या सगळ्याला आजाराचं नाव दिलं नाही. ते आपणही देऊ नये. पण त्याने होम्सशेजारी वॉटसन बसवला, आणि तोही डॉक्टर, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

*

हल्लीची खोड: आजार म्हणजे गुप्त शक्ती. 'मंक' या मालिकेत तपास करणाऱ्याला ओसीडीमुळे धुळीचा कण दिसतो आणि कणामुळे खुनी. हे गोड आहे, आणि खोटं. उन्मादात माणसाला खूप धागे दिसतात हे खरं. त्यातले बहुतेक नसतातच, हेही खरं. ज्याला ते दिसतात त्याला मात्र दोन्ही सारखेच लखलखीत दिसतात. कादंबरीतली भीती इथून यावी. गल्लीतल्या सावलीचं काही भय नाही. भय आहे ते स्वतःच्या खात्रीचं.

*

गुन्हा.

अशोक चौकापलीकडे टॉवेलच्या कारखान्यातला एक म्हातारा मुनीम. बायको वारलेली, घरात एकटा. सकाळी सातला मेलेला सापडतो. शवविच्छेदनाचा अंदाज: मृत्यू रात्री दहा ते बाराच्या दरम्यान. कपाटातली भिशीची वही गायब. संशय भिशीतल्या चौघांवर, सगळ्यांचं येणं थकलेलं.

इथपर्यंत हे कुठल्याही शहरात घडेल.

*

सोलापुरात घडतं ते असं: अंगणातले दोन्ही बॅरल काठोकाठ भरलेले, वर झाकण, नळी गुंडाळून खुंटीला. आणि त्या भागाची पाण्याची पाळी रात्री दोनची होती.

शहराला उजनीचं पाणी येतं, पण नळाला चार-पाच दिवसांआड. पाळीच्या रात्री अख्खी गल्ली जागी असते. मोटारींचा आवाज, बादल्यांचा आवाज, 'ताई, नळी काढा की, आमच्याकडं येईना झालंय' असा ओरडा. मुनीम बाराच्या आत मेला असेल तर दोन वाजता पाणी कोणी भरलं?

हवालदार पंचनाम्याच्या वेळी सहज बोलून जातो, "मॅडम, सोलापूरचा माणूस एक वेळ खून करंल, पण आलेलं पाणी सोडणार नाही."

सगळे हसतात. ती हसत नाही. भिशीवाल्या चौघांपैकी कोणी मुडदा पाडून बॅरल भरत बसला नसता. भरणाऱ्याचा हात त्या नळीला सवयीचा होता. नळी कुठल्या खुंटीला लावायची, हे त्याला अंधारातही माहीत होतं.

*

तिला दोनची वेळ कशी कळली? ती दोन गल्ल्या सोडून राहते, आणि त्या रात्री टक्क जागी होती. ओळीने चौथी रात्र.

पेच इथेच आहे. पुरावा खरा आहे, आणि तो तिच्यापर्यंत आजाराच्या वाटेने आलाय.

*

झोपेवर एक अख्खं प्रकरण हवं. झोप उडणं हे उन्मादाचं लक्षण आहे आणि कारणही. साध्या निद्रानाशात माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो. उन्मादाकडे निघालेल्याला तीन तास झोपूनही टवटवीत वाटतं. डॉक्टर म्हणूनच 'झोप लागते का' एवढंच विचारून थांबत नाहीत, 'झोपेची गरज वाटते का' असंही विचारतात.

आणि नोकरी कोणती, तर पोलिसाची. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा: नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर शोभेचं दारूकाम. मग जयंत्या, रमजान, गणपती, निवडणुका. बारा तासांची ड्युटी कागदावर. घरी कधी पोचणार ते बंदोबस्त ठरवतो. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला होता. ज्या माणसाचं औषध म्हणजे निम्मी गोळी आणि निम्मी वेळेवरची झोप, त्याच्यासाठी आठ तासांची मागणी सवलतीची नसते.

*

लिथियम.

1949 मध्ये जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादावर त्याचा गुण प्रसिद्ध केला. आज पाऊणशे वर्षांनंतरही या आजारात त्याचं स्थान पक्कं आहे, आणि ते स्वस्त आहे. अडचण एकच, गुण येणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवायची, 1.5 च्या वर गेली की धोका. रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री साडेनऊला गोळी, तर सकाळी साडेनऊला सुई. नेमकी त्याच वेळी साहेबांची आढावा बैठक.

*

आता हेच लिथियम सोलापूरच्या मे महिन्यात आणून ठेवा.

पारा 43-44 वर. ती होटगी रोडवर नाकाबंदीला उभी. घामावाटे पाणी आणि मीठ जातंय. शरीर कोरडं पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. त्यात अम्माला रक्तदाब निघाल्यापासून घरातल्या जेवणात मीठ कमी केलंय, तिच्या आवडत्या शेंगा चटणीतसुद्धा. मीठ एकाएकी कमी झालं तरी पातळी चढते. त्यात पाय दुखतात म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून तिने आयबुप्रोफेन घेतलंय, तेही दोन दिवस. त्यानेही पातळी चढते. पॅरासिटामॉल घेतलं असतं तर निभावलं असतं.

तीन साध्या गोष्टी, आणि एकातही कोणाचा दोष नाही. चौथ्या दिवशी पंचनाम्यावर सही करताना तिचा हात एवढा थरथरतो की पंच एकमेकांकडे बघतात. जीभ जड, चाल झोकांडणारी, सकाळपासून जुलाब. शिपायाच्या मनात येतं, मॅडम पिऊन आल्यात.

विषप्रयोगाचा प्रसंग रहस्यकथेत हवाच असेल तर तो हा. विष घालणारा कोणी नाही.

*

'सिव्हिल'च्या अपघात विभागात नेल्यावर हवालदार डॉक्टरांना काय सांगणार? त्याला गोळीचं नाव माहीत नाही. तिने ते खात्यात कोणालाच सांगितलेलं नाही. गुपिताची किंमत इथे तासांत मोजली जाते.

या प्रसंगानंतर ती एका माणसाला सांगते. त्यालाच.

*

अम्माची बाजू. तिने मुलीला आधी गाणगापूरला नेलं होतं. सोलापूरहून गाणगापूर रोड स्टेशन गाडीने जवळ; बाधा झालेल्यांना तिथे आरतीच्या वेळी उभं करतात. अम्माला अडाणी रंगवायचं नाही. तिने अक्कलकोट केलं, तुळजापूर केलं आणि डॉक्टरही केला. ज्याने मुलगी झोपली ते तिने धरून ठेवलं. रोज रात्री साडेनऊला फोन करून "गोळी?" एवढंच विचारते. दोघींचं त्या दिवसाचं तेवढंच बोलणं.

*

आपल्याकडे 'येरवडा' म्हटलं की तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही एकदम डोळ्यांपुढे येतात. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला फाशी दिली तीही येरवड्यातच. पोलीस ठाण्यातला टोमणा ठरलेला: 'हिला येरवड्याला पाठवा.' तो तिच्या कानावर पहिल्यांदा पडतो तेव्हा दुसऱ्याच कोणाबद्दल असतो, आणि तीही सगळ्यांबरोबर हसते.

*

'देवराई' (2004) पुन्हा पाहायचा. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा सिनेमा, स्किझोफ्रेनियावरचा. शेषची भूमिका अतुल कुलकर्णीची. अतुलची शाळा सोलापुरातली, हरिभाई देवकरण. नाटकाची सुरुवातही सोलापूरचीच. सिनेमात आजाराचं ओझं शेषइतकंच त्याच्या बहिणीवर पडलेलं दिसतं. तपासकथेत बहिणीची जागा कोण घेतं? सहकारी. रक्ताचं नातं नाही, श्रेणी खालची, तरीही.

*

तो हवालदार. नोकरी संपत आलेली. मॅडमचा वेग वाढला की त्याला डॉक्टरांच्या आधी कळतं.

चौथ्या रात्रीनंतरच्या सकाळी ती त्याला एका दमात पाच गोष्टी सांगते. पाणी दोनला आलं होतं. मुनीमाने मालकाला ब्लॅकमेल केलं होतं. भिशीच्या वहीची नक्कल देवळात लपवली आहे. शेजारीण खोटं बोलते. आणि दोन वर्षांपूर्वीच्या कंबर तलावातल्या मुडद्याशी याचा संबंध आहे. पाचही तिला सारखेच स्वच्छ दिसतायत.

तो खिशातून डायरी काढतो, एक ते पाच आकडे घालतो.

"मॅडम, एकेक बघून येतो. तवर तुम्ही झोपा."

"झोप येत नाही मला."

"मग नुसतं पडून राहा. पाचातलं एकबी खरं निघालं तर उठवतो."

संध्याकाळी परत येतो तेव्हा चारांवर काट आणि एकावर बरोबरची खूण. महापालिकेच्या चावीवाल्याच्या वहीत व्हॉल्व्ह खोलल्याची वेळ आहे: 1.55.

*

कादंबरीला सांगायचं आहे ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सुटणार नाही.

पोलीस तपासाची सगळी पद्धत एकट्या माणसाच्या खात्रीवर विश्वास ठेवू नये म्हणूनच बांधलेली आहे. पंचनाम्याला दोन पंच लागतात. स्टेशन डायरीत वेळ टाकावी लागते. केस डायरी रोजच्या रोज लिहावी लागते. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरत नाहीत. नव्या कायद्याने झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं केलंय. धडधाकट अधिकाऱ्यांना हे सगळं कागदी कटकट वाटतं. आपल्या नायिकेला ते काय आहे हे पक्कं कळलेलं असतं, कारण स्वतःची खात्री कशी फसवते हे तिने आतून पाहिलंय. ती चांगली तपासी अंमलदार आहे ती एवढ्यासाठीच.

*

म्हणून तिच्या दोन डायऱ्या. एक केस डायरी, कायद्याने सांगितलेली. दुसरी डॉक्टरांनी सांगितलेला मूडचा तक्ता: किती तास झोप, गोळी घेतली की नाही, मन उणे तीन ते अधिक तीन यांत कुठे. तपासातला प्रत्येक मोठा निर्णय ती दुसरीतल्या त्या दिवसाच्या आकड्याशेजारी ठेवून बघते. अधिक दोनच्या वर असेल तर अटक दुसऱ्या दिवशी. हा नियम तिने स्वतःला घालून दिलाय, आणि कथेत एकदा तो मोडावासा वाटला पाहिजे. आरोपी रात्रीच्या गाडीने निघालेला, तिचा आकडा अधिक तीन. ती मोडत नाही. सहकाऱ्याला पाठवते, निर्णय त्याच्यावर सोडते, आणि तो नेमका तिच्या मनात होता तोच निर्णय घेतो. तिला त्याचा राग येतो, आणि हा राग खरा आहे.

*

खालचं टोक थरारकथेत कसं आणायचं? तिथे तर काहीच हलत नाही.

उत्तर: घड्याळ तिच्याबाहेर चालू ठेवायचं. आरोपी कोठडीत. खुनाच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. सत्तराव्या दिवशी ती फाईलचं एक पान वाचते, खाली येते, पहिली ओळ विसरलेली असते. आणि खालच्या टोकाला अपराधीपणा फार. तिला वाटायला लागतं, आरोपी बरोबर असेल, आपण चुकलो असू, आपल्यामुळे एक निरपराध आत आहे. वाचकालाही तसं वाटलं पाहिजे. मग पुन्हा चावीवाल्याची वही. तिचं मन वर असताना तिथे 1.55 होतं, खाली असतानाही 1.55.

*

खुनी: मुनीमाचा पुतण्या. लहानपणापासून दर पाळीला काकाचं पाणी तोच भरायचा. त्याला मनोरुग्ण करायचं नाही. कर्ज, अपमान, आणि एका रात्री वाढलेला हात, एवढं पुरे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कोणावर हात उगारत नाहीत. हे कथेत कोणी बोलून दाखवायची गरज नाही, रचनेतच असावं.

*

कायद्याची बाजू, म्हणजे तिची नोकरी राहते का?

सीआरपीएफच्या एका असिस्टंट कमांडंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2021 ला सांगितलं की, मानसिक विकलांगता असलेल्या माणसावरची शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. त्याला पगाराला धक्का न लावता दुसऱ्या कामावर घ्यावं, आणि ते काम देताना शस्त्र हाती येणार नाही याची काळजी खातं घेऊ शकतं. दिल्लीत न्यायिक सेवेच्या एका बायपोलर उमेदवाराला आधी नाकारलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीश चालतो, तर तपासी अंमलदार का नाही? पण पिस्तुलाचा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. तिने स्वतःच शस्त्र जमा केलं तर? खात्यात त्याचा काय अर्थ लावतील? या प्रसंगात कोणीच खलनायक नको.

*

टाळायचं: पावसाळी रात्र. गोळ्या बेसिनमध्ये ओतून देण्याचा प्रसंग. 'औषधाने माझी धार जाते' हा संवाद. रुग्ण असं म्हणतात हे खरं, पण सिनेमाने तो वापरून वापरून बोथट केलाय. प्रेमाने बरी होणारी नायिका. शेवटी 'तीच खुनी होती'.

*

उलटतपासणी. आरोपीच्या वकिलाला कुठून तरी कळलंय.

"त्या रात्री दोन वाजता आपण जाग्या होता?"

"हो."

"झोप न येण्याचा आपल्याला आजार आहे?"

"मला बायपोलर आहे. औषध चालू आहे."

कोर्टात कुजबुज. वकील जिंकल्यासारखा वळतो.

"म्हणजे पाणी दोनला आलं, हे आपल्याला त्या अवस्थेत वाटलं."

"मला वाटलं ते मी पुराव्यात दिलेलं नाही. महापालिकेची वही आहे, त्या गल्लीतल्या तिघांचे जबाब आहेत. माझा जबाब त्यात नाही."

सरकारी वकिलाने मधे काही बोलायची गरज ठेवू नये. प्रश्न समजतो आणि उत्तर देता येतं तो साक्षीला पात्र, एवढीच कायद्याची अट आहे. ती तिने दोन वाक्यांपूर्वीच पूर्ण केलीय.

*

राहिलेली कामं. चावीवाल्याबरोबर एक पाळी काढायची, व्हॉल्व्ह खोलायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. लिथियमचा प्रसंग मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कथेत यावा, पण पाटीवर नको. हवालदाराने कोणाकडून तरी मागून डायरीत लिहून ठेवलेला. शेवटच्या प्रकरणात तिची बदली करायची नाही, बढतीही द्यायची नाही. दुसरा गुन्हा दाखल होतो, तपास तिच्याकडे येतो, आणि ती आधी विचारते की रात्रपाळी कोणाकडे आहे.